परक्या मुखातील आवाज

आमच्या धाराशिवच्या घरी एका वेळेस बारा पाने मांडली जातात. त्या गलबल्यात आमच्या धाकट्या पुतण्यास मीठ मागावयाचे झाले, तरी 'मी'वर तीनदा अडावे लागते. मग कोणी वडीलधारे मायेने त्याचे वाक्य पुरे करून टाकतात. तोच मुलगा परवा ओसरीवर उभा राहून 'बाहुबली'तील राजाचे हिंदी संवाद एकही अक्षर न अडता म्हणू लागला, तेव्हा आम्ही चकित झालो. नक्कल करताना किंवा गाताना अडखळणे पुष्कळदा नाहीसे होते, हे तज्ज्ञांस ठाऊक आहे. परंतु ज्या आवाजाची तो नक्कल करीत होता, तोही एका अडखळणाऱ्याचाच होता!

तो आवाज श्री. शरद केळकर यांचा. त्यांचा जन्म १९७६ साली ग्वाल्हेरीस झाला. शिंद्यांच्या त्या नगरीत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, हे वाचकांस सांगणे नलगे. आपण अडखळत बोलत असू, असे केळकरांनी मुलाखतींतून मोकळेपणी सांगितले आहे. अशा मनुष्याने नट होऊ पाहावे, हेच धाडस! २००४ साली दूरदर्शनच्या 'आक्रोश' मालिकेतून त्यांनी आरंभ केला. पुढील वर्षी सुरू झालेल्या 'सात फेरे'मधील नाहरसिंहाने त्यांस घरोघर पोहोचविले. 'लय भारी'तील (२०१४) त्यांचा खलनायक तर मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचाच आहे.

परंतु खरी कसोटी ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत लागली, असे आम्हास वाटते. 'बाहुबली'च्या २०१५ व २०१७ सालच्या दोन्ही भागांत हिंदीपुरता प्रभास यांना आवाज दिला तो केळकरांनी. तेथे देह, डोळे, हातवारे सारे दुसऱ्याचे. पडद्यावरील ओठ मिटतील त्याच क्षणी आपलाही प, ब किंवा म उमटावा. तो धापा टाकील तितक्याच आपण टाकाव्या. आणि ओठ मिटून उच्चारावयाच्या याच वर्णांवर पुष्कळांची वाचा अडते! इतके करून श्रेयनामावलीकडे पाहतो कोण? आमच्या घरी तर तो आवाज प्रभास यांचाच समजत होते.

तुळजाभवानीच्या या जिल्ह्यात केळकर अधिक ओळखले गेले ते 'तान्हाजी'मधील (२०२०) शिवछत्रपतींच्या भूमिकेमुळे. त्या चित्रपटाच्या प्रसिद्धीच्या वेळी एका प्रश्नात महाराजांचे नाव नुसते 'शिवाजी' असे आले, तेव्हा 'छत्रपती शिवाजी महाराज' असे त्यांनी तेथल्या तेथे शांतपणे दुरुस्त केले.

ही सारी हकीकत आम्ही रात्री पंगतीत सांगितली. "त्यांनाही मीठ मागताना अडत असे का?" पुतण्याने विचारले. प्रश्न पुरा व्हावयास अंमळ वेळ लागला. या खेपेस तो दुसऱ्या कोणी पुरा केला नाही.