धुलाईत टिकेल तोच लेप खरा

साकीनाक्यावरून मेट्रो पकडली की असल्फा, जागृतीनगर आणि मग घाटकोपर. तिथे लालबहादूर शास्त्री मार्गावर बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आहे. गिरण्या भरात असताना, 1954 साली सुरू झालेली ही संस्था. गिरण्या गेल्या, कापडाचे प्रश्न राहिले. ‘जिवाणूरोधक’ म्हणून विकलं जाणारं कापड खरंच तसं असतं का, हा त्यांतलाच आजचा एक प्रश्न.

सुती धागा म्हणजे बहुतांशी सेल्युलोज. तो घाम शोषतो म्हणून आपल्या हवेत सुखाचा. पण त्याच ओलाव्यात जिवाणूही फोफावतात. रुग्णालयाच्या चादरीत हे नुसत्या कुबट वासावर भागत नाही. यावर एक उपाय म्हणजे पॉलिमरचा पातळ लेप. कापड द्रावणात बुडवायचं, मँगलच्या रुळांमधून पिळून काढायचं, वाळवायचं आणि चढ्या तापमानाला लेप पक्का करायचा. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारा कायटोसान हा असाच एक पॉलिमर. त्याच्यावरचा धनभार जिवाणूच्या ऋणभारित आवरणाला धरतो आणि ते आवरण फाटू लागतं.

माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था 1924 पासून कापसावर काम करते आहे. तिथल्या एन. विघ्नेश्वरन आणि सहकाऱ्यांनी 2006 साली विद्राव्य स्टार्चच्या आधाराने झिंक ऑक्साइडचे सुमारे 38 नॅनोमीटरचे कण पाण्यात तयार केले. स्टार्च हाही पॉलिमरच. तो कणांचे गोळे होऊ देत नाही. हे मिश्रण चढवलेल्या सुती कापडाने स्टॅफिलोकोकस ऑरिअस आणि क्लेब्सिएला न्यूमोनिए या दोन्ही जिवाणूंना चांगलाच आळा घातला. अतिनील किरणांपासूनचं संरक्षणही वाढलं.

कापडाची परीक्षा मात्र कडक असते. एका प्रचलित पद्धतीत 4.8 सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या कापतात, त्यांवर जिवाणूंचं 1 मिलिलिटर द्रावण सोडतात, 24 तास उबेत ठेवतात आणि जगलेले जिवाणू मोजतात. 99 टक्के मेले हे ऐकायला छान वाटतं. पण 1 लाखातले 1,000 उरलेच. 99.9 टक्क्यांना उरतात 100.

हा आकडाही कोऱ्या कापडाचा असेल तर अपुराच. चादर रोज साबणात, गरम पाण्यात जाते. लेपाची सेल्युलोजशी पक्की गाठ बसली नसेल, तर गुण गटारात वाहून जातो आणि तिथल्या जिवाणूंना त्रास देतो. म्हणून लेबलवर दोन गोष्टी छापणं सक्तीचं हवं: कोणत्या जिवाणूंवर चाचणी झाली आणि किती धुलाईंनंतर. रुग्णाच्या अंगाखाली जाणाऱ्या कापडाबद्दल एवढं जाणून घेण्याचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे.