नगररचना आणि सामाजिक न्याय

परभणी जिल्ह्यातील पेडगावसारख्या मराठवाड्याच्या गावांतून अनेक कुटुंबे रोजगारासाठी पुण्या-मुंबईची वाट धरतात. शहरात पाऊल ठेवताच त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो निवाऱ्याचा. नगररचना हा अभियंत्यांचा विषय, अशी आपली समजूत असते. परंतु पाण्याचा नळ, शौचालय, शाळा व रस्ता कोणाच्या दारापर्यंत पोहोचावा हे शहराचा आराखडाच ठरवितो. म्हणून तो न्यायाचाही विषय आहे, असे आम्हांस वाटते.

गरीब माणूस झोपडीत राहतो तो हौसेने नव्हे, तर काम जवळ मिळते म्हणून. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तरीही निवारा हटविण्यास कायद्याची मुभा राहिलीच. मग वस्ती न उठविता ती सुधारता येईल काय?

पुण्यातील येरवडा येथे याचे उत्तर सापडते. २००५ साली सुरू झालेल्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून तेथील काही वस्त्यांत जागच्या जागी घरे बांधण्यात आली. पक्की घरे तशीच राखली. केवळ कच्च्या घरांच्या जागी सुमारे २७० चौरस फुटांची नवी घरे उभारली. खर्चाचा दहावा हिस्सा कुटुंबांनी उचलला. महिला मिलन या बचतगटातील स्त्रियांनी घरोघरी पाहणी केली आणि वास्तुविशारदांनी रहिवाशांशी बोलून आराखडे तयार केले. शेजार तुटला नाही, रोजगारही दुरावला नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हाच विचार मांडला आहे. झोपडवस्त्या उद्ध्वस्त करण्याऐवजी त्यांचा विकास व्हावा; स्थलांतर अटळच असेल, तर लोकांना पूर्वसूचना मिळावी व निर्णयात त्यांचा सहभाग असावा, असे त्यात सुचविले आहे.

महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर कोणाही नागरिकाला मुदतीत हरकती व सूचना नोंदविता येतात. शहरातील श्रद्धावंतांनी हा हक्क वस्तीतल्या बांधवांसाठीही वापरावा. बेथलेहेमच्या उतारशाळेत ज्यांना जागा मिळाली नाही, त्या पवित्र कुटुंबाचे आपण भक्त आहोत, याचा विसर पडू नये.