ब्रश कटरचा क्लच : बसवणी आणि निगा



उसाच्या भांगलणीला माणूस मिळेना, म्हणून आपल्या कार्यक्षेत्रात गावोगावी पाठीवरचे नाहीतर खांद्यावरचे ब्रश कटर आले. कुणी त्याला पाते लावून बांधावरचे गवत मारतो, तर कुणी पुढे वीडरचे दाते जोडून सरीतली हराळी, लव्हाळा उकरतो. यंत्र लहान आहे, पण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी बघता निम्म्याहून अधिक एकाच जागेच्या असतात, ती जागा म्हणजे क्लच. "इंजिन बोंबलतंय पण पातं फिरत नाही" ही एक तक्रार, आणि "रेस सोडली तरी पातं थांबत नाही" ही दुसरी. पहिलीत पैसा जातो, दुसरीत पाय जातो. म्हणून या अंकात एवढ्या एकाच भागाविषयी लिहीत आहोत.

या क्लचला पायडल नाही, दांडी नाही. तो आपणहून लागतो आणि आपणहून सुटतो. आपल्यापैकी ज्यांनी ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवली आहे त्यांना हे सांगायला नको. गोफण हळू फिरवली तर दोरी सैल राहते, वेग वाढवला की धोंडा बाहेर ओढ घेतो. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दोन शू बोल्टवर बसवलेले असतात आणि स्प्रिंग त्यांना आत धरून ठेवते. इंजिन मंद चालू असताना, म्हणजे मिनिटाला सुमारे २८०० ते ३००० फेऱ्यांवर, स्प्रिंगचा जोर जास्त असतो. रेस दिली की साधारण ४००० फेऱ्यांच्या आसपास शू बाहेर झेपावतात, भोवतीच्या ड्रमला घट्ट धरतात आणि ड्रमला जोडलेली शाफ्ट फिरू लागते. जुन्या ऑइल इंजिनाच्या गव्हर्नरमधील वजनेही याच तत्त्वावर उघडतात.

आता यातली खरी गोम. ही बाहेरची ओढ वेगाच्या दुपटीने नव्हे, चौपटीने वाढते. ३००० फेऱ्यांना जेवढी ओढ, त्याच्या चारपट ६००० ला. म्हणजे पूर्ण रेसवर शू ड्रमला पक्के चिकटतात, घसरत नाहीत आणि तापतही नाहीत. पण आपल्याकडे काय होते? पेट्रोल वाचावे, माती अंगावर उडू नये, म्हणून गडी निम्म्या रेसवर यंत्र चालवतो. त्या वेगाला शू अर्धवट धरतात, अर्धवट घसरतात. वर ओल्या काळ्या रानात दाते रुतवलेले असतात. पाच-दहा मिनिटांत ड्रम निळा पडतो, जळका वास येतो आणि स्प्रिंगचा ताव जातो. पेट्रोल वाचवायला जाऊन क्लच घालवलेले सभासद आम्ही पुष्कळ पाहिले. काम करायचे तर रेस भरपूर द्यावी, भार झेपेना तर यंत्र उचलावे, पण रेस कमी करू नये. पात्याच्या मुळाशी हराळी गुंडाळली असेल तर इंजिन बंद करून ती काढावी. रेसचे झटके देऊन ती तुटत नाही, क्लच मात्र तुटतो.

दुसऱ्या तक्रारीबद्दल. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातील एक तरुण सभासद यंत्र मंद चालू ठेवून पात्यातले गवत पायाने ढकलत होता. पाते हळूहळू फिरत होतेच, आठ दिवसांपासून फिरत होते. "चालतंय की" म्हणून कुणी लक्ष दिले नाही. बूट होता म्हणून दोन टाक्यांवर निभावले. आम्ही क्लच उघडला तर एका स्प्रिंगचा आकडा तुटलेला. मंद रेसवर पाते फिरत असेल तर ते यंत्र शिवारात न्यायचे नाही, एवढे तरी पाळावे. आधी कार्ब्युरेटरचा स्लो स्पीडचा स्क्रू डावीकडे थोडा सोडून बघावा. इंजिन नीट मंदावूनही पाते फिरते, तर स्प्रिंग गेली असे समजावे. (चोक लावून, रेस अडकवून चालू करताना पाते फिरते, तो दोष नव्हे. त्या वेळी पाते जमिनीपासून व माणसांपासून दूर धरावे.)

क्लच बदलणे घरी जमण्यासारखे आहे. इंजिन गार होऊ द्यावे आणि प्रथम प्लगची टोपी काढावी. पोत्यावर यंत्र ठेवून इंजिन व दांडा जोडणारे बोल्ट सोडले की दांडा, घर व ड्रम एकीकडे येतात आणि शू इंजिनाकडे राहतात. ड्रमच्या आत नख फिरवावे, खाच लागली किंवा निळे डाग खोल असले तर ड्रमही बदलावा. तो हाताने फिरवून बघावा, खरखर आली तर बेअरिंग गेले.

शूचे बोल्ट सोडताना इंजिन सोबत फिरते. तेव्हा फ्लायव्हीलच्या पंख्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवण्याची खोड फार जणांना आहे. पंख मोडतात आणि शंभराच्या कामाला हजार लागतात. त्यापेक्षा प्लग काढून, पिस्टन वर येत असताना त्या भोकातून स्वच्छ नायलॉनची दोरी आत सारावी आणि दोन्ही टोके बाहेर ठेवावीत. पिस्टन दोरीवर टेकून अडतो. सुतळी वापरू नये, तिचे धागे आत राहतात.

जुने शू काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. कोणता वायसर शूच्या खाली, कोणता वर, आणि शूची कोणती बाजू बाहेर, हे नंतर कुणालाच आठवत नाही. वायसर उलटसुलट झाले तर शू फ्लायव्हीलवर दाबला जातो आणि हलतच नाही. शू व स्प्रिंग नेहमी जोडीने बदलावेत. एक जुना, एक नवा ठेवला तर वजन बिघडते, यंत्र थरथरते आणि हाताला मुंग्या येतात. शूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाळावा. बोल्ट आवळल्यावर प्रत्येक शू बोटाने बाहेर ओढून सोडावा, तो चटकन आत परतला पाहिजे. बोल्टला ग्रीस लावू नये. फिरताना ते उडून शूवरच जाते आणि मग नवा क्लचही घसरतो. शू तेलकट झालेच असतील तर पेट्रोलने पुसावेत, पूर्ण वाळू द्यावेत आणि पॉलिश पेपरने हलके घासावेत. पुन्हा पुन्हा तेल दिसले तर इंजिनाचे सील बघावे, क्लचवर राग काढू नये. आतली भुकटी तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

जोडताना बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. दोरी काढून, प्लग बसवून इंजिन चालू करावे आणि मंद रेसवर पाते स्थिर आहे याची खात्री करावी, मगच रेस द्यावी.

हंगाम संपला की यंत्र मोटारीच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुण्याची पद्धत आहे, ती सोडावी. पाणी क्लचच्या घरात शिरते, ड्रम गंजतो, आणि पुढच्या वर्षी शू ड्रमला धरूनच बसतात. कोरड्या ब्रशने झाडून, ओल्या फडक्याने पुसून यंत्र माळ्यावर टांगावे.

गट कार्यालयात एक जळालेला व एक चांगला क्लच शेजारी शेजारी मांडून ठेवले आहेत. ऊस नोंदीला याल तेव्हा हातात घेऊन बघावेत, आणि आपल्या यंत्राचे शू सोबत आणलेत तर आम्ही तपासून सांगू.