जुनी मोटार घेताना आधी पोट पहा

मुरूडकडचा माझा एक जुना विद्यार्थी गेल्या दिवाळीनंतर माझ्याकडे आला. मासळीचा धंदा करतो. त्याच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अलिबागला न्यावे लागते. मुरूड ते अलिबाग सुमारे 50 किलोमीटर. एस.टी.त म्हातारीला बसवत नाही. दर खेपेला भाड्याची गाडी करणे परवडत नाही.

तो म्हणाला, "गुरुजी, जुनी गाडी घ्यायची म्हणतो. अलिबागेत एक पांढरी गाडी बघून आलोय. आरशासारखी चकचकीत आहे. दोन लाख दहा हजार सांगतो. बायकोच्या पाटल्या मोडायच्या ठरल्यात. तुम्ही जरा बघायला चला."

मी शाळामास्तर. मोटारीचा मिस्त्री नव्हे. पण समुद्राकाठी मी तीन जुन्या गाड्या वापरल्या आहेत. पहिली घेताना मी साफ फसलो. रंग पाहून गाडी घेतली. दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या सीटपुढचा पत्रा पायाखाली खचला. खाली पाहतो तो रस्ता दिसतोय! तेव्हा पैसे मोजून जे शिकलो, ते इथे सांगतो.

आपण ज्या गाडीबद्दल बोलत आहोत तिला सेडान म्हणतात. पुढे इंजिन, मध्ये माणसे बसायची जागा आणि मागे वेगळी डिकी. पूर्वीची अँबॅसिडर आणि फियाट या अशाच गाड्या. अँबॅसिडर 2014 साली निघायची बंद झाली. फियाटला पुढे पद्मिनी नाव मिळाले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. आता जुन्या बाजारात डिझायर, एटिऑस, अ‍ॅक्सेंट, सिटी, अमेझ अशी नावे ऐकू येतात. आजारी माणसाला सेडान सोयीची. मागच्या सीटवर आडवे होता येते. घडीची चाकाची खुर्ची डिकीत राहते. शिवाय शहरातल्या लोकांना हल्ली उंच गाड्यांची हौस लागली आहे. त्यामुळे जुनी सेडान त्या मानाने स्वस्तात मिळते.

मीठ काय करते

पावसाळ्यात डब्यातले मीठ ओले होते. ते तुम्ही रोज पाहता. कोणी त्यात पाणी ओतलेले नसते. मीठच हवेतला ओलावा ओढून घेते. आपल्या किनाऱ्यावर वारा समुद्रावरून येतो. तो खारट पाण्याचे बारीक कण घेऊन येतो. हे कण गाडीवर बसतात, तसेच गाडीच्या खालीही बसतात. वरचे आपण पुसतो. खालचे कोण पुसतो? तिथे ते चिखलात मिसळून राहतात आणि पत्रा ओला ठेवतात. ओल आणि हवा मिळाली की लोखंड गंजते. मीठ असले की फार लवकर गंजते.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. ट्रकला खाली जाड लोखंडाची वेगळी चासी असते. तिच्यावर वरचा सांगाडा बसवलेला असतो. आजच्या सेडानला अशी वेगळी चासी नसते. वाकवून, जोडून पोकळ पेटीसारखा केलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. इंजिन त्यालाच टांगलेले. चाकेही त्यालाच. तो कुजला तर गाडीची हाडेच कुजली. टक्कर झाली तर आतली माणसे ज्याने वाचायची, तोच हा पत्रा.

इंजिन बिघडले तर दुरुस्त होते. पैसे जातात, पण गाडी उभी राहते. सांगाडा चारी बाजूंनी कुजला की मिस्त्री ठिगळे लावतो. शेजारचा पत्रा पुन्हा कुजतो. म्हणून आपल्या भागात जुनी गाडी पोटाकडून पाहायला सुरुवात करायची. कोळी होडी घेताना काय करतो? वरचा रंग पाहत नाही. होडी शाकारलेली असताना वाकून तळ पाहतो. फळ्यांवर ठोकून आवाज ऐकतो. अगदी तसेच.

आम्ही पांढरी गाडी पाहायला गेलो ते सकाळी दहा वाजता. संध्याकाळी किंवा पावसात गाडी पाहू नये. ओल्या रंगावर सगळे डाग लपतात. गाडी खरेच चकचकीत होती. मी खिशातून लोहचुंबक काढले. मुलांच्या खेळातले, दहा रुपयांचे. त्याला कापडात गुंडाळले, म्हणजे रंगाला चरा पडत नाही. छपराला लावले, चिकटले. दाराला लावले, चिकटले. दाराखाली लांब पट्टी असते ना, तिथे लावले. तिथे ते खाली पडले. पुन्हा लावले. पुन्हा पडले.

चुंबक लोखंडाला चिकटते. तिथे वरच्या थरात लोखंड नव्हतेच. पत्रा कुजून भोक पडले होते. त्यात लांबी भरून वर रंग मारला होता. घराच्या भिंतीला रंगारी भरतात तसलीच ती लांबी. ती दिसायला गुळगुळीत असते, पण वजन पेलत नाही. (गाडीचा काही भाग प्लास्टिकचा असतो. पुढचा-मागचा बंपर प्लास्टिकचाच. तिथे चुंबक चिकटणार नाही. त्यावरून भांडू नका.)

मग पायाखालची सतरंजी उचलायला सांगितली. मालक म्हणाला, "तिला कशाला हात लावता? कारखान्यातून आलीय तशी आहे." मी म्हटले, "मग पाहू तर खरी, कारखान्याने काय दिले ते." सतरंजीखाली ओल होती. पत्र्याला पापुद्रे सुटले होते. माझ्या विद्यार्थ्याने अंगठ्याने दाबले. पापुद्रा मोडून हातात आला. तो माझ्याकडे पाहतच राहिला.

आणखी चार जागा पाहाव्यात. डिकीतले जादा चाक बाहेर काढा. खालच्या खड्ड्यात पाणी साचून गंज चढतो. बॉनेट उघडून पुढच्या चाकांच्या वर, जिथे शॉकअप टेकतात तिथला पत्रा पहा. तिथे गंज असेल तर गाडी सोडून द्या. दारांच्या खालच्या कडा आतून पहा. जिथे जॅक लावतात ती जागा दाबून पहा. शक्य असेल तर गाडी गॅरेजमध्ये नेऊन वर उचलून पोट पहा. गॅरेज तुमच्या ओळखीचे असावे, विकणाऱ्याच्या नव्हे. मिस्त्रीला त्याच्या वेळाचे पैसे द्या. ते वाया जात नाहीत. वरवर तांबूस धूळ बसली असेल तर घाबरू नका. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गाडीला ती असते. सुटणारे पापुद्रे, भोक आणि ताजे काळे डांबर यांना घाबरा. विकायच्या आदल्या आठवड्यात पोटाला डांबर कशाला फासले, हे विचारावे.

पुरात बुडालेल्या गाड्याही बाजारात येतात. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. 2021 च्या जुलैत आपले महाड बुडाले. अशा वेळी शेकडो गाड्या पाण्यात जातात. धुऊन, वाळवून त्यातल्या काही दूरच्या गावी विकल्या जातात. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ दिसते का? सीटखालचे स्क्रू गंजलेत का? आत कुबट वास येतो का? आणि तो लपवायला फार अत्तर मारले आहे का?

इंजिनाबद्दल थोडेसे

इंजिन थंड असताना जा. तुम्ही जाण्याआधीच मालकाने गाडी सुरू करून ठेवली असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन पटकन सुरू झाले पाहिजे. मागचा धूर पहा. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. गार सकाळी थोडी पांढरी वाफ येते, ती चालते. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत शिरते आहे. ऑईलची पट्टी ओढून पहा. ऑईल दुधाच्या चहासारखे दिसले तर ती गाडी नको.

मग गाडी चढावर घाला. अलिबागकरांना कार्लेखिंड आहेच. चढावर इंजिन जोरात ओरडते पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच संपला आहे. तो बदलता येतो, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करा. सपाटीवर स्टेअरिंग हलके धरा. गाडी एका बाजूला ओढते का पहा.

किती किलोमीटर पळाली हे सांगणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. तो मागे फिरवतात. बैल घेताना आपण मालकाने सांगितलेले वय ऐकतो आणि मग दात पाहतो. गाडीचे दात म्हणजे ब्रेकच्या पायदानाचे रबर, स्टेअरिंगची कातडी आणि ड्रायव्हरची सीट. आकडा 40 हजार दाखवतो आणि रबर झिजून लोखंड दिसते, तर आकडा खोटा.

कोणती गाडी घ्यावी, हे मला पुष्कळ जण विचारतात. जिचे पार्ट अलिबाग-पेणला मिळतात आणि जी तुमच्या मिस्त्रीच्या हातातली आहे, ती घ्यावी. काही कंपन्यांनी आपल्या देशात गाड्या विकणे बंद केले. शेवरोलेने 2017 अखेर बंद केले. फोर्डने 2021 साली तसे जाहीर केले. त्यांच्या गाड्या वाईट होत्या असे नाही. पण एखाद्या पार्टसाठी पंधरा दिवस थांबावे लागले, तर तोवर आईला अलिबागला कोण नेणार?

आणखी एक. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या ते डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या नसतात. बॉनेटखाली पेट्रोलचा वास येतो का पहा. चिरलेल्या नळ्या लगेच बदला. ते काम स्वस्त आहे आणि आग फार महाग पडते.

गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा पाहतो. गाडीचा सातबारा म्हणजे तिचे आर.सी. कार्ड. ते बहुधा इंग्रजीत असते. पण आता तुम्हाला आकडे आणि तारखा वाचता येतात. तेवढे स्वतः वाचा. इंग्रजी अक्षरे घरातल्या मुलाकडून वाचून घ्या, एजंटाकडून नव्हे.

कार्डावर चासी नंबर असतो. तोच नंबर गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. एकेक आकडा बोट ठेवून ताडून पहा. मालकाचे नाव आणि विकणारा माणूस एकच आहे का पहा. सातबाऱ्यावर जसा सोसायटीचा बोजा चढतो, तसा कार्डावर बँकेचा बोजा असतो. असेल तर बँकेचा कर्ज फिटल्याचा दाखला आणि 35 नंबरचा फॉर्म घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

नोंदणीची तारीख पहा. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षे चालते. पुढे गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांसाठी नवी करावी लागते. त्याची फी आणि पर्यावरण कर वेगळा. गाडी 14 वर्षांची असेल तर हा खर्च दाराशीच उभा आहे, हे लक्षात ठेवून भाव करा. परराज्यातली स्वस्त गाडी दिसली तर आधी हिशोब करा. ना-हरकत दाखला आणायचा आणि इथला कर पुन्हा भरायचा. स्वस्ताई तिथेच संपते. थकलेले दंड फोनवर पाहता येतात. तेही पाहून घ्या.

नाव बदलायला 29 आणि 30 नंबरचे फॉर्म लागतात. विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. आपली कचेरी पेणला. विमाही 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा. नाही तर गाडीचे नुकसान झाल्यावर भरपाई अडते. पुष्कळ लोक म्हणतात, "नाव काय, सावकाश बदलू." हे दोघांनाही घातक आहे. सुप्रीम कोर्टाने 2018 साली निकाल दिला आहे. कागदावर ज्याचे नाव, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात. मग गाडी त्याने चार वर्षांपूर्वी विकलेली का असेना! म्हणून तुम्ही कधी गाडी विकलीत तर कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नका. पूर्वी एजंट "इथे अंगठा लावा" म्हणत. आता "इथे सही करा" म्हणतात. फॉर्म भरलेला असावा. तो वाचावा. मग सही करावी.

त्या पांढऱ्या गाडीचे आम्ही काय केले? मालकाला नमस्कार करून परत आलो. माझा विद्यार्थी वाटेत बोलला नाही. पुढे दीड महिना त्याने शोध केला. शेवटी पुण्याकडची एक गाडी मिळाली. 2013 सालची. रंग उडालेला, मागच्या दाराला पोचा. आईला ती मुळीच आवडली नाही. पण घाटमाथ्यावर वाढलेली गाडी, पोट खडखडीत कोरडे. चुंबक सगळीकडे चिकटले. एक लाख नव्वद हजार पडले. उरलेल्यात चार टायर आणि बॅटरी झाली.

गाडी आपल्या किनाऱ्यावर आली की तिला खारा वारा लागणारच. दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याची नळी लावून पोट आणि चाकांच्या आतली बाजू धुवा. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका. दारांच्या खाली पाणी जायची बारीक भोके असतात. ती काडीने मोकळी ठेवा. पावसाळ्याआधी मिस्त्रीकडून पोटाला गंजरोधक मारून घ्या, पण आधी धुऊन पूर्ण सुकवून. ओल्या पत्र्यावर मारले तर ओल आतच कोंडते. आणि पाहुणे आले म्हणून गाडी पुळणीवर नेऊ नका. चाक रुतते ते वेगळेच. भरतीचे पाणी एकदा पत्र्याच्या पोकळीत शिरले की ते बाहेरून धुऊन निघत नाही.