दुपारचे दोन आणि आपली झोप

गोव्याबाहेरच्या माणसाला गोंयकार म्हटले की 'सुशेगाद' आठवतो. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत. आज मात्र तो 'आळशी' म्हणूनच आपल्या अंगावर फेकला जातो, आणि पुरावा म्हणून दुपारी शटर ओढलेली दुकाने दाखवतात. आमच्या फोंड्याच्या वरच्या बाजारातही दुपारी ती दिसतात. 2021 साली, निवडणुकीच्या आधी, विजय सरदेसाई यांनी दुपारी 2 ते 4 सक्तीच्या विश्रांतीची कल्पना मांडली तेव्हा सगळीकडे हशा पिकला होता. मला ती कल्पना तेवढी हसण्यासारखी वाटत नाही.

कारण दुपारची पेंग फक्त जेवणाने येत नाही. शरीरातले घड्याळ दुपारी एक ते तीनच्या सुमारास एक छोटी उतरण घेते. उपाशी माणसालाही ती जाणवते. वर शीत-कडीचे भरगच्च ताट झाले की ती अधिक खोल होते. शेतात राबणारी आपली जुनी माणसे अकराच्या सुमारास पेज प्यायची, सोबत लोणचे किंवा सुके मासे. पोटाला हलके, आणि घामातून गेलेले पाणी-मीठही भरून निघायचे. त्यांना हे कोणी शिकवले नव्हते.

माझी मम्मी पणजीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. सकाळी फोंड्याहून बस, संध्याकाळी परत. दुपारी घरी येऊन आडवे होणे शक्यच नाही. टेबलावर डोके टेकले की लगेच कोणीतरी विचारतो, "बरं नाही का?" म्हणजे झोपायला आजारी पडावे लागते! खरे तर वीस मिनिटे पुरतात. नासाने 1994 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लांब पल्ल्याच्या वैमानिकांना 40 मिनिटांची विश्रांती दिली होती. ते सरासरी 26 मिनिटे झोपले आणि न झोपलेल्यांपेक्षा जास्त सावध राहिले. त्याहून फार लांबवली तर गाढ झोप लागते, आणि उठल्यावर डोके जड.

झोप नाही तर कॉफी, असे आपण म्हणतो. दिवसभर जागे राहिल्याने मेंदूत अॅडेनोसिन साठते, त्याने झोप येते. कॅफिन फक्त त्याची जागा अडवून बसते. चार वाजता घेतलेल्या कॉफीतले निम्मे कॅफिन रात्री नऊ-दहालाही अंगात असते. मग रात्र बिघडते, आणि दुसऱ्या दिवशीची दुपारही.

बाकी उपाय साधे आहेत. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, म्हणून अधूनमधून खिडकीबाहेर लांबवर बघायचे. आणि उठायचे. पायातले रक्त वर ढकलायला पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखे काम करतात, पण ते हलले तरच. मम्मी बाटली मुद्दामच लहान ठेवते, ती भरायला उठावे लागते.

पण हे सगळे खुर्ची असलेल्यांसाठी झाले. कपड्यांच्या दुकानातली मुलगी दिवसभर उभी असते, तिचाही पंप बंदच, उलट सगळा भार पायांवर. केरळमध्ये अशा विक्रेत्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले. त्यांना बसायची मुभा नव्हती, बाथरूमला जाणेही कठीण, म्हणून त्या पाणीच कमी प्यायच्या. 2018 साली केरळने दुकानांचा कायदा बदलून त्यांना बसायची सोय द्यायला लावली. 2021 साली तामिळनाडूनेही तसेच केले. साधे स्टूल मिळवायला कायदा करावा लागला, हे वाचून मी थोडा वेळ गप्पच झाले.

यंदा नाताळाच्या खरेदीला बाजारात जाल तेव्हा काउंटरच्या मागे जरा वाकून बघा, स्टूल आहे का. असले, तर त्याच्यावर कपड्यांचे गठ्ठे ठेवलेत की कोणी बसलेय, तेही बघा.