टॉकीजसारखा बास घरात का बसत नाही? होम थिएटर घेण्याआधी हे वाचा

सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की गावात टीव्हीसोबत होम थिएटरही येतं. खोक्यावर हजारो वॉट छापलेले असतात. पण घरी लावलं की टॉकीजमध्ये छातीत बसणारा दणका काही बसत नाही. असं का होतं?

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झचा आवाज ऐकू येतो. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. सिनेमातले स्फोट, भूकंप, ढगांचा गडगडाट यांचा खोल आवाज खालच्या टोकाला, २० ते ८० हर्ट्झमध्ये असतो. आवाज जितका खोल, तितकी जास्त हवा ढकलावी लागते. ४० ऐवजी २० हर्ट्झ तेवढ्याच जोरात वाजवायचा तर चौपट हवा हलवावी लागते. अर्ध्या एचपीच्या मोटारीकडून पाच एचपीचं काम होत नाही, तसंच हे.

टॉकीजमध्ये पडद्यामागं सहसा १८ इंची वूफर असतात. स्वस्त सेटमध्ये पाच-सहा इंची असतो. तो खालच्या आवाजाला दमतो. आपल्याला ऐकू येतो तो खरा बास नव्हे, खोक्याचा घुमारा.

घर टॉकीजच्या पुढंही जाऊ शकतं

टॉकीजचे बरेच वूफर मोठा हॉल भरण्यासाठी बनवलेले असतात. ३० हर्ट्झच्या आसपास त्यांचा आवाज उतरू लागतो. घरची खोली लहान असते. ती बंद असली तर खालच्या बासला आपोआप जोर मिळतो. त्यामुळं चांगला १२ इंची सबवूफर घरात २० हर्ट्झपर्यंतही पोचू शकतो. मात्र दारं-खिडक्या उघड्या असतील किंवा वर पत्रा असेल, तर हा फायदा बराच जातो. पत्रा थरथरतो तो वेगळाच.

फुकटातला उपाय

१२ फूट लांब खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा बास समोरासमोरच्या भिंतींजवळ जास्त आणि मधोमध फार कमी ऐकू येतो. म्हणून वूफर आधी आपल्या बसायच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि खोलीत कडेकडेनं फिरा. जिथं बास भरीव आणि एकसारखा वाटेल, तिथं वूफर कायमचा ठेवा.

घेताना काय बघायचं?

पीएमपीओ वॉटच्या आकड्याला भुलू नका, आरएमएस किती ते विचारा. वूफर किती इंची आणि किती हर्ट्झपर्यंत खाली जातो, हेही विचारा.

आणि एक. भिंत बोलणं बरंचसं अडवते, बास अडवत नाही. शेजारी गाणं ऐकू येत नाही, नुसती धडधड जाते. तिथं आजारी माणूस असेल, तान्हं बाळ असेल, परीक्षेचं पोरगं असेल. नियमानं रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. वूफर भिंतीपासून थोडा सरकवला आणि रात्री बास कमी केला, तर सिनेमाही होतो आणि शेजारधर्मही टिकतो.