मुलांना अझिथ्रोमायसिनचे सिरप देताय? बाटलीवरचा '१००' की '२००' हे आधी वाचा

पावसाळ्यात मुलाला ताप-खोकला झाला की अनेक घरांत पहिला शोध सुरू होतो तो मागच्या वेळी उरलेल्या बाटलीचा. 'तसाच खोकला आहे, तेच देऊ,' असे म्हणून एक झाकण औषध पाजलेही जाते. ती बाटली बऱ्याचदा अझिथ्रोमायसिनची असते. हे सिरप चांगलेच उपयोगी आहे, पण ते अंदाजाने देण्याचे औषध नाही.

हे औषध नेमके काय करते?

अझिथ्रोमायसिन हे 'मॅक्रोलाइड' गटातले अँटिबायोटिक आहे. जिवाणूंना जगण्यासाठी आणि वाढण्यासाठी प्रथिने तयार करावी लागतात. हे औषध नेमके तेच काम थांबवते. घसा, कान, फुप्फुसे आणि त्वचेचे काही जिवाणूजन्य संसर्ग, डांग्या खोकला आणि टायफॉईड यांत डॉक्टर ते देतात. मुलांची सर्दी, फ्लू आणि बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे होते. विषाणूंवर या औषधाचा काहीही परिणाम होत नाही.

१०० आणि २०० चा घोळ

बाजारात या सिरपच्या मुख्यतः दोन ताकदी मिळतात. एका प्रकारात ५ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, दुसऱ्यात २०० मिलिग्रॅम. समजा, डॉक्टरांनी १०० मिलिग्रॅमचा डोस लिहिला. पहिल्या बाटलीतून तो ५ मिली होतो, दुसरीतून फक्त अडीच मिली. बाटली बदलली आणि माप तेच ठेवले, तर डोस थेट दुप्पट किंवा निम्मा होतो.

डोस मुलाच्या वयापेक्षा वजनावर ठरतो. त्यामुळे मोठ्या भावाचे माप धाकटीला चालत नाही. डॉक्टरांकडे वजन करून घ्या आणि 'किती मिली, दिवसातून किती वेळा, किती दिवस' हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या. मेडिकलमधून निघण्यापूर्वी चिठ्ठीवरची आणि बाटलीवरची ताकद जुळते का, ते पाहा.

देताना एवढे सांभाळा

• काही बाटल्यांत कोरडी पावडर असते. बाटली हलवून पावडर मोकळी करा. सोबत आलेले किंवा उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घाला. फेस बसल्यावर पातळी पुन्हा पाहा.
• प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवा. न हलवल्यास औषध तळाशी राहते.
• घरातला चमचा वापरू नका. सोबतचे मापाचे झाकण किंवा तोंडाने औषध द्यायची सिरिंज वापरा.
• पोटात मळमळत असेल तर खाण्यानंतर द्या. अॅसिडिटीचे औषध याच वेळी देऊ नका.
• डोस विसरला तर आठवल्यावर द्या, पण पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. दिल्यावर लगेच उलटी झाली तर डॉक्टरांना विचारा.

'तीनच दिवस का?'

हे औषध शरीराच्या पेशींत बरेच दिवस टिकून राहते. म्हणून अनेक संसर्गांत ३ ते ५ दिवसांचा कोर्स पुरतो. मात्र ताप उतरला म्हणून मध्येच थांबवू नका आणि मनाने दिवस वाढवूही नका. कोर्स संपल्यावर उरलेले सिरप टाकून द्या. पाणी मिसळल्यावर ते थोडेच दिवस टिकते. किती, ते लेबलवर लिहिलेले असते.

डॉक्टरांना आधी काय सांगाल?

हृदयाच्या ठोक्यांचा किंवा यकृताचा त्रास, आधी झालेली अॅलर्जी आणि सुरू असलेली इतर औषधे. जुलाब, उलटी आणि पोटदुखी हे नेहमीचे त्रास आहेत. पण चेहरा किंवा ओठ सुजणे, श्वास लागणे, चक्कर येऊन पडणे, डोळे पिवळे होणे किंवा शौचातून रक्त जाणे, यांपैकी काही दिसले तर ताबडतोब दवाखाना गाठा. दीड महिन्याहून लहान बाळाला हे औषध दिल्यावर जोरात उलट्या होऊ लागल्या, तर अजिबात थांबू नका.

सर्दीला दिले तर बिघडते कुठे?

खरी किंमत टायफॉईडच्या रुग्णाला मोजावी लागते. टायफॉईडचे जिवाणू जुन्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या टायफॉईडवर तोंडाने घेण्याच्या औषधांपैकी अझिथ्रोमायसिन हेच भरवशाचे उरले. त्यालाही न जुमानणारे टायफॉईडचे जिवाणू भारत आणि बांगलादेशात आढळले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने म्हणूनच हे औषध जपून वापरायच्या 'वॉच' गटात ठेवले आहे. गरज नसताना दिलेल्या प्रत्येक बाटलीमुळे जिवाणूंना त्याची सवय होत जाते. उद्या आपल्याच मुलाला टायफॉईड झाला, तर हे औषध कामी यायला हवे.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध आणि डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.)